ढोकीचं सकाळी रुसणारं मीटर

कुडाळात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं, आता माझं. गेल्या महिन्यात मी आठवडाभर कुलूप लावून धाराशिवकडं गेले, तर परत यायच्या आधीच बाजारभर झालं होतं की शुभा ट्रक दुरुस्त करायला गेली. आता रोज कोणीतरी काउंटरवर कोपर टेकून विचारतं, "काय गो, विमान कधी घेतंस दुरुस्तीक?" प्रत्येकाला वेगळं सांगून माझं तोंड दुखलं. म्हणून एकदाचं लिहून काढते, म्हणजे विचारणाऱ्याच्या हातात कागद ठेवता येईल.

गेले ते सुशीलामुळं. कोल्हापूरच्या वसतिगृहात आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. ती लग्न करून ढोकीला गेली आणि तिथल्या शाळेत शिकवते. तिचा फोन आला की सासऱ्यांच्या जुन्या ट्रकचं वेग दाखवणारं मीटर बिघडलंय, गुरुवारी आरटीओचं पासिंग आहे, आणि मीटर चाललं नाही तर पासिंग होणार नाही. पासिंग झालं नाही तर तिचा नवरा भगवान ट्रक मोडीत काढणार. लातूरचा भंगारवाला शनिवारी यायचा ठरलाय. असलं काट्याचं मीटर आता कुणी उघडतसुद्धा नाही, बदला म्हणतात, आणि त्या गाडीचं मिळत नाही.

मी म्हटलं, अगो बाय, मी घड्याळं दुरुस्त करते. ती म्हणाली, "त्यालाही काटा असतो आणि ह्यालाही." ह्यावर काय बोलणार? अवजारांची पेटी घेतली आणि निघाले.

ढोकी, सोमवार

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की सोलापूरच्या पुढं झाडं कमी होत गेली आणि आभाळ वाढत गेलं. आमच्याकडं डोंगर, माड, घर असं काहीतरी सतत नजरेच्या आड येतं. इथं काळी जमीन, कमरेएवढी ज्वारी, मधेच हिरव्या उसाचा तुकडा. ढोकीत शिरताना उसाच्या ट्रॅक्टरांची रांगच लागली होती, एकाएकाला दोन दोन ट्रॉल्या, आणि प्रत्येकावर कर्णा लावून वेगवेगळं गाणं. गुळचट वासानं मला आधी भूक लागली आणि मग मळमळलं.

सुशीलाच्या अंगणात लिंबाखाली तो ट्रक उभा होता. पुढं लांब नाक असलेला, नारिंगी, जुन्या फोटोत असतात तसला. मला वाटलं होतं गंजका सांगाडा असेल. पण असा चकचकीत, की त्याच्या दारात मला माझा बसमधला अवतार दिसला. शेजारी बाजेवर सुशीलाचे सासरे बसले होते, नामदेवमामा. ती सासऱ्यांना मामा म्हणते आणि सासूला आत्या. पहिला तासभर मी खऱ्या मामा-आत्यांची वाट बघत होते, मग लक्षात आलं की इकडची रीतच ती. मीही तेच म्हणायला लागले.

पंचवीस वर्षं मामांनी हा ट्रक चालवला. चार वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि केबिनमध्ये चढणं संपलं. तेव्हापासून ट्रक गयाआत्यांच्या ताब्यात. ड्रायव्हर लोक दर अमावस्येला गाडी धुऊन पूजा करतात, ती मामांची अमावस्या आता आत्या करतात. साठी उलटलेली ही बाई नऊवारीचा काचा मारून केबिनमध्ये चढते, काच पुसते, देवीच्या तसबिरीला हार घालते, बिजागऱ्यांना तेल देते. हे सगळं त्यांनी मला स्वतः फिरवून दाखवलं. तसबिरीशेजारी खिळ्याला लांब चोचीची तेलाची कुपी टांगलेली होती.

"ह्यांनी मला एकदाच दाखवलं," त्या म्हणाल्या. "मीटरच्या मागची चकती हातानं फिरवायची, तार ढिली करायची, चार थेंब. चार म्हंजे चारच. एक अवस चुकू दिली न्हाय म्या."

मी भगवानला गाडी काढायला सांगितली. कारखान्याच्या रस्त्यानं एक चक्कर मारली. दुपारचे तीन वाजले असतील. आणि काटा? दहा, वीस, तीस, कसा मखमलीवरून सरकल्यासारखा वर गेला, ब्रेक लागला तसा खाली आला. मी भगवानकडं बघितलं, भगवाननं माझ्याकडं. ह्या मीटरसाठी मला चारशे किलोमीटर आणलं? तो पडेल आवाजात म्हणाला की सकाळी बघा.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर करडईचं कच्चं तेल. घरच्या करडीचं, गावातल्या घाण्यावरचं. इथं नुसतं करडी म्हणतात. आमच्याकडं भाजीपासून कुलपापर्यंत सगळ्याला खोबरेल, त्यामुळं पहिला घास मला विचित्र लागला. तिसऱ्या घासाला मी तेल मागून घेतलं. आत्या खूश झाल्या.

ढोकी, मंगळवार

सकाळी आठला अंगणात पाय ठेवला तर बोटं आखडली. एवढी थंडी मी कधी पाहिली नव्हती, आणि लोक तिला 'जरा गारवा' म्हणत होते. भगवाननं गाडी काढली. काटा शून्यावर. गाडी पळतेय, झाडं मागं चाललीत, काटा ढिम्म. मग अचानक काय झालं कोण जाणे, टुणकन ऐंशीवर गेला. आम्ही तेव्हा एका बैलगाडीच्या मागं होतो.

मी मीटर काढून ओट्यावर पांढरा रुमाल अंथरला आणि उघडलं. सांगते, मला ते यंत्र बघून बरं वाटलं. गिअरबॉक्सपासून एक लवचीक तार नळीतून वर येते आणि मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची वाटी असते, ती चुंबकामागं ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते. दोघांच्या ओढाताणीत काटा जिथं थांबेल तो वेग. स्प्रिंग तर थेट टेबलावरच्या घड्याळातली. मी सगळं पुसलं, जोडलं, तारेच्या जागी माझा स्क्रूड्रायव्हर घालून बोटांत फिरवला. काटा झकास उठला.

मग दोष तारेत असणार. मी बाजेकडं वळून म्हटलं, "मामा, तार बाहेर ओढून बघते."

"तारेला हात लावू नगा, ताई," मामा म्हणाले. "जुनी हाय. एकदा काढली की पुन्ना बसत न्हाय."

पंचवीस वर्षं गाडी चालवलेला माणूस सांगतोय, आणि मी काल पहिल्यांदा ट्रकमध्ये चढलेली. तार ओढली नाही. तारेच्या टोकाला पिवळट चिकट काहीतरी होतं, ते जुनं ग्रीस असेल असं समजून बोटानं पुसलं. बोट दिवसभर चिकट राहिलं. मीटर बसवताना खिळ्यावरची कुपी घ्यायला हात पुढं केला, तर मामा पुन्हा म्हणाले, ते नगा, तुमच्या पेटीतलं घड्याळाचं तेल घाला. मला वाटलं, माझ्या तेलाचा मान ठेवतायत.

दुपारी चक्कर मारली. काटा मखमलीवर! भगवाननं कर्कश हॉर्न वाजवला, सुशीलानं पेढे आणले, शेजारच्या बायका 'ह्याच का घड्याळवाल्या' म्हणून बघायला आल्या. मी आपली कॉलर नसलेल्या ब्लाउजची कॉलर ताठ करून बसले.

तेरखेडा, बुधवार

सकाळी आठला काटा शून्यावर.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पेढे खाल्लेत लोकांनी माझ्या नावावर! सुशीलाची एक मैत्रीण म्हणाली, कुणाची दृष्ट लागली. पंक्चरवाला म्हणाला, गिअरबॉक्समधलं बारकं चाक झिजलंय. झिजलेलं चाक दुपारी वाढतं का, असं मी विचारलं तर तो म्हणाला, तेही खरंय.

मामा मात्र वेगळंच म्हणाले. तेरखेड्याला त्यांचा जुना जोडीदार आहे, मकबूलभाई, त्याच्याकडं असल्याच गाडीची तार पडून आहे, ती आणा आणि जुनी नळीसकट फेकून द्या. मी बुचकळ्यात पडले. काल तार काढू नका, आज अख्खी फेका? पण मामांनी मकबूलभाईंना फोनही लावून ठेवला होता. तेव्हा आम्ही ट्रक घेऊनच निघालो. निघताना मामा भगवानला दोनदा म्हणाले, हिला तीसच्या वर हाणायचं न्हाय. भगवान हो म्हणाला आणि चौकाच्या पुढं गेल्यावर त्यानं काय करायचं ते केलं.

मी वही काढून वेळ आणि काटा लिहीत होते, घड्याळ किती मागं पडतं ते लिहितो तसं. साडेआठ, शून्य. नऊ, शून्य, एकदा उडी. येडशीच्या घाटात झाडी लागली, आणि रामलिंगाच्या वाटेवरच्या माकडांनी भगवाननं बाहेर धरलेलं केळं सालीसकट नेलं. काटा शून्य. अकराच्या सुमाराला ऊन थेट केबिनच्या पत्र्यावर आलं, इंजिनाची धग पायाला लागली, आणि काटा थरथरत उठला. तेरखेडा येईपर्यंत शहाण्या मुलासारखा चालत होता. म्हणजे ह्याला थंडी वाजते? आमच्याकडं मार्गशीर्षात खोबरेल गोठून कुलपं अडतात. पण इथं खोबरेल आलं कुठून?

तेरखेड्यात शोभेची दारू करतात. गावाबाहेर लांब लांब अंतरावर एकेकट्या खोल्या, मधे मोकळी जमीन. मकबूलभाईंचं घर त्या बाजूला, तेव्हा त्यांच्या मुलानं आम्हाला अर्धा किलोमीटर आधीच हात दाखवून थांबवलं. जुन्या इंजिनाची ठिणगी नको, म्हणाला. पिशवीत काडेपेटी आहे का, तेही विचारलं. माझ्या पेटीतला स्पिरिटचा छोटा दिवा बघून तो चार पावलं मागं सरला. आम्ही पेटी ट्रकात ठेवून ढेकळांतून चालत गेलो.

मकबूलभाईंनी चहा पाजला, नामदेवच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि तार काढून दिली. ती आमच्या तारेपेक्षा बरोबर एक वीत आखूड निघाली.

"नामदेवला नवी तार कशाला पायजे पण?" मकबूलभाई म्हणाले. "तार कुठं खराब होती? काढायची, राकेलमधी धुवायची, जरासं ग्रीस चोळायचं, वापस घालायची. नामदेवनंच तर मला शिकवलं हे."

म्हणजे माझ्यापाशी आता दोन मामा झाले. एक म्हणतो तार काढली की पुन्हा बसत नाही, दुसऱ्यानं तीच तार काढून धुवायला अख्ख्या दुनियेला शिकवलंय. परतीच्या वाटेवर काटा मजेत चालत होता आणि मला त्याचा राग येत होता. उद्या सकाळी दहाला धाराशिवला पासिंग, म्हणजे हा नेमका झोपलेला असणार. भगवान शांतपणे म्हणाला, "जाऊ द्या ताई, तुम्ही लई केलं. शनिवारी देऊन टाकू." तो वाईट माणूस नाही. त्याचा जीव गाडीत नव्हता, इतकंच.

ढोकीच्या स्वयंपाकघरात

शुक्रवारी वेळ अमावस्या होती. इकडं तिला येळवस म्हणतात, आणि मला ती दिवाळीपेक्षा मोठी वाटली. सगळं गाव डोक्यावर जेवण घेऊन शेतात जातं. त्याची तयारी दोन दिवस आधीपासून. आंबील आंबायला घातली होती, आणि भज्जीसाठी पालेभाज्या, वाटाणे, हरभरे निवडायचं काम चाललं होतं. आमच्याकडं भजी म्हणजे तळलेली. इथली भज्जी पातेल्यात शिजते, ह्यावर मी आल्यापासून दोनदा वाद घातला होता. आत्या शेजारी वाटाणे सोलायला गेल्या होत्या, सुशीला बाजरीचं पीठ चाळत होती, आणि मी ओट्याला टेकून उद्याचा विचार करत होते.

करडीच्या तेलाची किटली माझ्या कोपराशी होती. तिच्या चोचीखाली तेलाचा ओघळ वाळून घट्ट झाला होता, मधासारखा पिवळा, काचेसारखा चकचकीत. मी सहज नख लावलं. नख सरकेना. बोट टेकवलं तर चिकटलं.

हे चिकटणं मला माहीत होतं. कालचा अख्खा दिवस ते माझ्या बोटावर होतं.

"सुशीले, हे कशानं निघतं गं?"

"करडीचं ना? वाळलं की डिंकच होतो त्याचा. सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय जात नाही मेलं."

"आणि ती कुपी? गाडीतली?" ती आता फळीवर होती, येळवसेसाठी भरून ठेवलेली.

"आत्यांची. गाडीचं तेल तेव्हाच संपलं होतं, म्हणून त्या पहिल्यापासून घरचंच घालतात. बाजारातलं नको म्हणतात, आपल्या गाडीला आपलं तेल."

चार वर्षं, दर अमावस्येला, चार थेंब. पहाटेच्या थंडीत तो डिंक कडक होत होता, तार नळीत अडकून पिळत होती आणि सुटली की काटा उडत होता. दुपारच्या उन्हात तोच डिंक मऊ पडत होता. माझी वही, माकडं, बैलगाडीमागचे ऐंशी, सगळं एकदम जागेवर बसलं. एकच गोष्ट बसेना, मामांचं वागणं. मी अंगणात गेले.

"मामा, तारेत करडीचं तेल आहे."

मामांनी आधी शेजारच्या घराकडं बघितलं. "हळू बोला," म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"करडीचं तेल सुकतं हे ड्रायव्हरला कुणी सांगाया पायजे व्हय? पयल्याच अवसेला वास आला मला."

मी भडकलेच. तीन दिवस मला वेड्यात काढलं, तेरखेड्याला पिटाळलं, माझ्या नावानं पेढे वाटू दिले. मामा खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. ज्या दिवशी त्यांना कळलं की आता आपण केबिनमध्ये चढू शकणार नाही, त्या दिवशी ते जेवले नाहीत. अमावस्या आली. आत्या कुणाला न विचारता चढल्या, सगळं केलं, खाली उतरल्या.

"हात पदराला पुसत म्हनली, तुमची गाडी आता म्या सांभाळते. त्या वक्ताला कसं सांगू, की चुकलीस?"

"त्या वेळी नाही, मग नंतर?"

"नंतर सांगायचं, तर आधी का न्हाय सांगितलं हे बी सांगावं लागतं," मामा म्हणाले. "तसंच ऱ्हायलं."

ते म्हणाले, नवी तार बसली असती तर जुनी गुपचूप फेकून देता आली असती, आणि कुपीत काहीतरी दुसरं भरता आलं असतं. आता ते जमलं नाही तर गाडी जाऊ द्या, पण गयाला सांगू नका. मी कबूल केलं. मला खोटं जमत नाही, तरी केलं.

मग आम्ही घाईला लागलो. भगवाननं तार ओढून काढली. अडीच हात लांब, अंगभर पिवळी, जागोजाग चॉकलेटी गाठी. अंगणातल्या चुलीवर सुशीलानं सोड्याचं पाणी उकळलं आणि तार वेटोळं करून आत सोडली. नळीतून तेच पाणी दहा वेळा ओतलं, मग राकेल. आत्या सोललेल्या वाटाण्यांनी भरलेलं सूप घेऊन परत आल्या आणि पातेल्यात डोकावल्या. सुशीला म्हणाली, शुभाच्या घड्याळाचं सामान आहे. आत्या म्हणाल्या, घड्याळात एवढी लांब शेवई असती व्हय, आणि आत गेल्या. दिवेलागणीला तार पांढरीशुभ्र निघाली. चुलीच्या धगीशी सुकवली, बोटभर ग्रीस चोळलं आणि नळीत घातली. मामांनी बाजेवरून सांगितलं, जरा फिरवत घाला, आपसूक बसती. बसली.

धाराशिव, गुरुवार

सकाळी नऊला निघालो तेव्हा गवतावर दव होतं आणि माझे दात वाजत होते. काटा पहिल्या गिअरला उठला. मी त्याच्याकडं बघत बसले, पापणी लवली तर पडेल अशी भीती वाटत होती. पडला नाही. मैदानात आरटीओच्या साहेबांनी ब्रेक, दिवे, रेडियमच्या पट्ट्या बघितल्या, मग केबिनमध्ये बसून एक फेरी घ्यायला लावली आणि वीसवर गेलेल्या काट्याकडं बघून कागदावर सही केली. तीन सेकंद लागले असतील त्यांना.

भगवान बाहेर येऊन लातूरच्या माणसाला फोन करत होता, नको म्हणून. मी समोरच्या दुकानातून मशीनचं पातळ तेल घेतलं. घरी आल्यावर आत्यांची कुपी सोड्यानं घासली, नवं तेल भरलं आणि फळीवर होती तशी ठेवली.

शेतात जाताना, येळवस

शुक्रवारी सकाळी अंगण माणसांनी भरलं. आंबिलीचं मडकं, भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, तिळाच्या भाकरी, खीर. पासिंग झालेल्या गाडीतूनच सगळ्यांनी शेतात जायचं ठरलं होतं. मामांना बाजेसकट ट्रकच्या मागच्या हौद्यात चढवणार होते. त्याआधी आत्या काचा मारून केबिनमध्ये चढल्या. हार झाला, नारळ फुटला. मी मुद्दाम दूर उभी राहून लिंबाची पानं मोजत होते.

चकती फिरवल्याचा आवाज आला. मी वर बघितलं, तर आत्यांनी कुपी नाकाशी धरली होती.

"ह्ये आपलं तेल न्हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी एकेकाकडं बघितलं आणि शेवटी माझ्याकडं. "तेलानंच बिघडलं व्हतं व्हय गं, माय?"

मी मामांकडं बघितलं. मामा जमिनीकडं बघत होते. मला काय, खोटं जमत नाहीच. मी हो म्हटलं.

आत्यांनी नव्या तेलाचे चार थेंब घातले. चकती बसवली, पदरानं काच पुसली, कुपी खिळ्याला लावली. मग खाली उतरून बाजेसमोर उभ्या राहिल्या.

"कवापासून ठावं व्हतं तुमाला?"

"पयल्या अवसेपासून."

"मग सांगायचं न्हाय? म्या काय मोडून पडले असते? गाडी मोडीत निघाली व्हती, आवो."

"तुला वाईट वाटलं असतं," मामा म्हणाले. "त्यापरीस गाडी गेली असती तरी चाललं असतं मला."

"तुमाला चाललं असतं," आत्या म्हणाल्या. "मला न्हाय."

एवढंच. मामांना वाटत होतं ते बायकोला जपतायत. ती गाडी आता त्यांची राहिलेली नाही, हे चार वर्षांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. खरं तर माझ्याही आलं नव्हतं. मीही त्यांचीच गाडी वाचवत होते.

भगवाननं आणखी तिघांबरोबर बाज उचलली, मामा हौद्यात गेले, त्यांच्याभोवती पातेली आणि पोरंबाळं. आत्या कुणाकडं न बघता केबिनमध्ये येऊन माझ्याशेजारी बसल्या. तोंड फुगलेलं. गाडी निघाली. दोन्ही बाजूंना ज्वारी, बांधाबांधानं टोपल्या घेतलेल्या बायकांच्या रांगा, आणि कुठल्यातरी शेतात आंबील शिंपडत लोक कानडी वळणाचं काहीतरी ओरडत होते, ज्याचा अर्थ मी तिघांना विचारला आणि तिघांनी तीन सांगितले. आत्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या मीटरकडं बघत होत्या. एवढी वर्षं त्यांनी त्याला तेल घातलं, पण गाडी पळताना त्याच्यासमोर बसल्या त्या पहिल्यांदाच.

कालव्याचा सरळ रस्ता लागला आणि भगवाननं पाय दाबला. मागून पत्र्यावर थाप पडली.

"काटा किती दावतोय?" मामांचा आवाज आला.

आत्यांनी काट्यावरची नजर काढली नाही. पुन्हा थाप पडली. आवाज जरा घाबरा होता, हौद्यात बाज हलत असणार आणि गुडघ्यांना धक्के बसत असणार. "गया, किती दावतोय गं?"

आत्यांनी भगवानच्या खांद्याला बोट लावलं, हळू घे म्हणून. मग मागच्या खिडकीकडं तोंड केलं.

"तीस," त्या म्हणाल्या. "बसा गुमान."

चार दिवस खपून मी खरं बोलायला लावलेला काटा पंचेचाळीसवर होता.